पाचवीचा वर्ग, जूनचा पहिला आठवडा: मुलांकडून काय अपेक्षा ठेवायच्या आणि त्या रुजवायच्या कशा?

रंकाळ्याकाठची_बाई

शाळा सुरू व्हायला आठवडा राहिला की आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर 'वर्गाचे नियम' असे रंगीत तक्ते फिरायला लागतात. वर्गात शांतता राखावी. वेळेवर यावे. मोठ्यांचा मान ठेवावा. गृहपाठ पूर्ण करावा. खाली दोन फुलपाखरं. तक्ता लॅमिनेट होतो, फळ्याच्या उजवीकडं लागतो आणि गणपतीपर्यंत त्याच्या खिळ्याला कुणाची तरी टोपी लटकलेली असते.

मी कोल्हापुरात महापालिकेच्या शाळेत पाचवीला शिकवते. चौथी ते सहावी या वयाबद्दल इथं फारसं कुणी लिहिलेलं दिसलं नाही, म्हणून हा धागा. पहिलीच्या पोराला 'हाताची घडी' म्हटलं की ते घालतं. आठवीचं घालत नाही आणि आपणही म्हणत नाही. मधलं हे पोरगं घडी घालतं आणि विचारतं, "ओ बाई, पण कशाला?" त्या 'कशाला'ला धड उत्तर नसेल तर तो नियम त्याच्यापुरता तिथंच संपला.

माझं म्हणणं एवढंच आहे की अपेक्षा सांगून होत नाही, शिकवावी लागते. करून दाखवायची, करून घ्यायची, सुट्टीनंतर परत करून घ्यायची. आणि ती बाईंनाही लागू असली पाहिजे.

मी काय करते ते सांगते. पहिले दोन-तीन दिवस पुस्तक कमी उघडते. मुलांना कोरी चिठ्ठी देते, नाव लिहायचं नाही. प्रश्न एकच: 'वर्गात शिकताना तुला कशाचा त्रास होतो?' येणारी उत्तरं साधारण अशी असतात (भाषा त्यांचीच): 'मागचा बाकाला पाय मारतोय.' 'पेन्सिल नेत्यात आणि देत न्हाईत.' 'चुकलं की सगळी हसत्यात.' 'मी उत्तर सांगतो म्हटलं तर बाई पुढच्याच पोरींना विचारत्यात.' ही शेवटची चिठ्ठी एका मुलीची. कोल्हापूरबाहेरच्यांनी 'सांगतो' वाचून दचकू नये.

या चिठ्ठ्या मोठ्यानं वाचायच्या, एकसारख्या एकत्र ठेवायच्या आणि मग मुलांनीच वाक्यं करायची. दरवर्षी थोडी बदलतात, पण गाभा तोच राहतो. एक जण बोलत असताना बाकीच्यांनी थांबायचं. चुकणाऱ्याला हसायचं नाही. मागून घेतलेली वस्तू शाळा सुटायच्या आत परत. अडलं तर विचारायचं. बस्स. पाचव्या-सहाव्या वाक्यानंतर लक्षात राहत नाही, त्यांच्याही आणि माझ्याही. 'शांतता राखा' यात कधीच येत नाही आणि मीही घालत नाही, कारण गटात काम करताना वर्ग शांत असेल तर काम होत नाहीये असं समजावं. त्याऐवजी आवाजाच्या पायऱ्या ठरवतो: बाकापुरता, गटापुरता, वर्गापुरता. बाकापुरता आवाज म्हणजे नेमका केवढा, हे प्रत्यक्ष बोलून बघावं लागतं. पहिल्यांदा सगळी कुजबुजतात, मग हसतात, मग जमतं.

शेवटी मुलं माझ्यासाठी एक वाक्य ठरवतात. गेल्या वर्षी आलेलं: 'बाईंनी तपासायला नेलेली वही दोन दिवसांत परत द्यायची.' तेही त्याच कागदावर, त्याच अक्षरात.

तुमच्याकडं काय चालतं? पालकांनीही लिहावं.

पेठेतला_भावा

बाई, लई भारी लिहिलंय. पण खरं सांगा, आमच्या पेठेतली पोरं ह्या चार वाक्यांवर चालत्यात? मी रविवारी पोरांना फुटबॉल शिकवतो. रेफ्रीनं शिट्टी मारली तरी धा मिनिटं भांडत्यात. नियम मोडला तर पुढं काय, ते लिवलंच न्हाई तुम्ही. जाळ अन् धूर संगटच निघायची वेळ तिथं येती.

शाहूपुरीची_आई

पालक म्हणून लिहिते. माझी मुलगी चौथीपर्यंत घराजवळच्या प्राथमिक शाळेत होती. एकच बाई, एकच वर्ग. पाचवीला हायस्कूलमध्ये घातली (शाळेचं नाव नको) आणि पहिल्या महिन्यात पोरगी रडकुंडीला आली. अभ्यासामुळं नव्हे. मराठीच्या बाईंना समास लाल पेनानं आखलेला हवा, विज्ञानाच्या सरांना पेन्सिलनं. एका तासाला उभं राहून उत्तर द्यायचं, दुसऱ्या तासाला 'बसून बोल, वेळ जातो'. एक सर म्हणणार शंका मध्येच विचारा, पुढच्या बाई म्हणणार धडा संपेपर्यंत हात वर करायचा नाही. वही कव्हर नसेल तर एका तासाला चालते, दुसऱ्या तासाला फेकली जाते. दहा वर्षांच्या मुलानं सहा माणसांचे सहा स्वभाव पाठ करायचे. याला शिस्त म्हणायचं का?

रंकाळ्याकाठची_बाई

शाहूपुरीची_आई, हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे आणि आपल्या राज्यात तर नेमका पाचवीलाच येतो. शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिकचा पहिला टप्पा म्हणजे पहिली ते पाचवी, पण आपल्याकडं वर्षानुवर्षं चौथीपर्यंत एक शाळा आणि पाचवी ते दहावी हायस्कूल अशी रचना चालत आली. पाचवीचे वर्ग हळूहळू प्राथमिकला जोडले जातायत, तरी तुमच्या मुलीसारखी पुष्कळ मुलं दहाव्या वर्षी एका बाईंकडून थेट तासागणिक बदलणाऱ्या शिक्षकांकडं जातात.

यावर उपाय फार अवघड नाही, फक्त शिक्षकांनी एकत्र बसायला लागतं. पाचवीला शिकवणाऱ्या सगळ्यांनी जूनमध्ये अर्धा तास बसून तीनच गोष्टी सारख्या कराव्यात: वही कशी ठेवायची, बोलायचं असेल तर काय करायचं, गृहपाठ राहिला तर काय करायचं. बाकी ज्याच्या त्याच्या तासाचं वेगळं असू दे. मुलांना माणसामाणसांतला फरक कळतो, घरी आई आणि आजोबा वेगवेगळे वागतात ते त्यांना कळतंच की. अडतं ते न सांगता बदलणाऱ्या गोष्टींवर. पालकसभेत 'मुलगी रडते' असं न मांडता 'समास कसा आखायचा हे एकदा ठरवून सांगा' असं मांडून बघा. पहिल्या वाक्यावर सल्ला मिळतो, दुसऱ्यावर निर्णय.

जुना_गुरुजी

नमस्कार. करवीर तालुक्यात नोकरी झाली, मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. धागा वाचून बरे वाटले, पण काही गोष्टी खटकल्या. नियम मुलांना विचारून करायचे, बाईंसाठीही नियम मुलांनीच करायचा, याने गुरूचा धाक राहत नाही. आमच्या वेळी टेबलावर छडी असे. ती वापरावी लागत नसे. नुसती असे. पोरे शिकली, नोकऱ्यांना लागली, आजही रस्त्यात भेटली की वाकतात.

मधली_सुट्टी

गुरुजी, आदर ठेवून विचारतो. जी वाकत नाहीत, जी छडीच्या भीतीनं शाळाच सोडून गेली, ती रस्त्यात भेटली तर ओळख देतात का?

जुना_गुरुजी

प्रश्न टोकदार आहे. उत्तर माझ्याकडे नाही. पण कायदा येण्याआधीच्या शिक्षकांना सरसकट राक्षस समजू नका एवढेच म्हणणे.

रंकाळ्याकाठची_बाई

गुरुजी, कुणी समजत नाही. पण कायद्याचं एकदा स्पष्ट लिहायला हवं, कारण अजून गैरसमज आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याचं कलम १७ शारीरिक शिक्षेला बंदी घालतं, आणि त्याच कलमात मानसिक त्रासालाही बंदी आहे. लोक दुसरा अर्धा भाग विसरतात. छडी गेली, पण 'ढ' म्हणणं, वर्गाबाहेर उभं करणं, मार्क मोठ्यानं वाचून हसू पिकवणं, हे सगळं राहिलं. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला छडीपेक्षा मित्रांसमोरचा अपमान जास्त लागतो. याच वयात त्याला मित्रांचं मत बाईंच्या मतापेक्षा मोठं वाटायला लागलेलं असतं.

आता पेठेतला_भावा यांचा प्रश्न. मोडलं तर काय?

पहिली गोष्ट, मोडणारच. म्हणून पहिल्यांदा मोडलं की मी रागवत नाही, परत करून घेते. पोषण आहाराच्या रांगेत धक्काबुक्की झाली? सगळे वर्गात परत. रांग पुन्हा. शांतपणे, भाषण न देता. भूक लागलेली असते, त्यामुळं दुसऱ्यांदा रांग छान लागते. (हे एखाद्या वेळीच करायचं. रोज केलं तर ती शिक्षाच झाली आणि खिचडी थंड होते ती वेगळीच.)

दुसरी गोष्ट, परिणाम त्याच कृतीशी जोडलेला हवा. पाणी सांडलं तर पुसायचं. दुसऱ्याच्या वहीवर रेघोट्या मारल्या तर ते पान आपल्या हातानं उतरवून द्यायचं. गृहपाठ राहिला तर तो कधी करणार ते सांगायचं आणि मी लिहून ठेवणार. बोलला म्हणून उठाबशा, हे मुलाला कुठल्याच वाटेनं कळत नाही. बोलण्याचा आणि गुडघ्यांचा संबंध काय?

तिसरी, एकाच्या चुकीसाठी सगळ्यांचा खेळाचा तास रद्द करायचा नाही. ह्यानं चुकणारा सुधारत नाही, त्याला बाहेर मार मात्र बसतो.

आणि जे परत परत होतं, ते वर्गात सोडवायचं नाही. मधल्या सुट्टीत, बाजूला घेऊन, दोन मिनिटं. "काय झालं?" विचारायचं आणि मग गप्प बसायचं. बहुतेक शिक्षकांना हे गप्प बसणंच जमत नाही. मेरी बड रो या अमेरिकी संशोधक बाईंनी बऱ्याच वर्षांपूर्वी वर्गांतली ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात असं दिसलं. तेच तीन सेकंद थांबलं की उत्तरं लांब आणि विचार केलेली यायला लागली. ते धड्यावरच्या प्रश्नांबद्दल होतं, पण 'काय झालं' या प्रश्नालाही लागू पडतं असा माझा अनुभव.

पेठेतला_भावा

पटलं. रांगेची आयडिया मैदानावर वापरतो. भांडण झालं की बॉल खाली, सगळे परत आपापल्या जागी.

बालमन_वाचक

मानसशास्त्र शिकवतो. थोडी भर घालतो.

या वयाबद्दल बाईंनी जे 'कशाला'वरून लिहिलंय त्याला जुना आधार आहे. ज्याँ पियाजे हा स्वित्झर्लंडमधला मानसशास्त्रज्ञ १९३० च्या सुमारास मुलांमध्ये जाऊन गोट्या खेळायला बसायचा आणि विचारायचा, हे नियम कुणी केले, बदलता येतील का? लहान मुलं सांगायची की नियम मोठ्यांनी केले, ते बदलताच येत नाहीत. मजा म्हणजे हीच मुलं खेळताना नियम सर्रास मोडायची. दहा-अकरा वर्षांची मुलं सांगायची की सगळ्यांनी ठरवलं तर नियम बदलता येतो, आणि तीच मुलं नियम जास्त काटेकोर पाळायची. म्हणजे नियम ठरवण्यात हात असणं आणि तो पाळणं, या दोन गोष्टी साधारण एकाच वयात जमायला लागतात. पाचवीचा वर्ग बरोबर त्या उंबऱ्यावर आहे.

दुसरा अभ्यास तर याच वयाच्या मुलांवर आहे. कर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांनी अमेरिकेत आयोवामध्ये दहा-अकरा वर्षांच्या मुलांची छोटी मंडळं केली, निबंध १९३९ चा. काही मंडळांचा मोठा माणूस सगळं हुकूम देऊन करून घ्यायचा, काहींचा मुलांशी चर्चा करून ठरवायचा, काहींचा नुसता बसून राहायचा. हुकुमाच्या मंडळात काम भरपूर व्हायचं. पण तो माणूस खोलीबाहेर गेला की काम गळायचं. चर्चेच्या मंडळात तो गेला तरी बरंचसं चालू राहायचं. आणि तिसऱ्या प्रकारात, जिथं कुणी काही सांगतच नव्हतं, तिथं धड काहीच नीट होत नव्हतं. हे तिसरं लक्षात ठेवायला हवं. मुलांवर सोडून देणं आणि मुलांबरोबर ठरवणं यांची गल्लत बरेच लोक करतात.

सडेवरचा_मास्तर

बालमन_वाचक, तुमचं ते 'खोलीबाहेर गेला की' वाचून हसलो. आम्ही कायमच खोलीबाहेर असतो.

गगनबावड्याकडची शाळा, दोन शिक्षक, सगळे वर्ग मिळून. मी पहिली-दुसरीजवळ बसलो की चौथी-पाचवी आपली आपण. इथं अपेक्षा नीट बसवल्या नाहीत तर शाळाच चालत नाही, त्यामुळं आमच्या दृष्टीनं हा विषय हौसेचा नाही. फळ्याचा एक कोपरा चौथी-पाचवीचा. सकाळी आल्यावर त्यावर दिवसाची कामं. अडलं तर आधी शेजाऱ्याला, मग गटातल्या सगळ्यांना, मग मला. आणि माझ्याकडं यायचं तर प्रश्न पाटीवर लिहून आणायचा. निम्मे प्रश्न लिहिता लिहिताच सुटतात. काम लवकर झालं तर वाचनकोपऱ्यातलं पुस्तक घ्यायचं किंवा पहिलीतल्या एकाला वाचून दाखवायचं.

पावसाळ्यात आमच्याकडं पत्र्यावर इतका पाऊस वाजतो की कुणाचंच काही ऐकू येत नाही. मग खुणा. मूठ म्हणजे थांबा, दोन बोटं म्हणजे जोड्या, तळवा छातीवर म्हणजे माझ्याकडं बघा. या खुणा मुलांनीच काढल्यात. आता ऊन असतानाही त्याच चालतात.

जुना_गुरुजी

मास्तर, हे वाचून मन भरून आले. मी मघाशी छडीबद्दल लिहिले, पण खरी गोष्ट दुसरीच आठवली. लहानपणी गंगावेस तालमीत जात असे. तिथे नियमांचा कागद नव्हता. आखाड्यात उतरताना मातीला हात लावायचा, हौदा खणायचा असेल तर धाकट्यांनी आधी हात घालायचा, थोरल्याचा जोर चालू असताना मध्ये जायचे नाही. हे कोणी बोलून शिकवले नाही. थोरले करत, आम्ही बघत असू. वस्ताद स्वतः पहाटे सर्वांच्या आधी हजर असत, त्यामुळे उशिरा जायची लाज वाटे. बाईंनी वहीचा नियम स्वतःला लावून घेतला, तो मी मघाशी नीट वाचला नव्हता बहुधा. तो राहू द्या.

इचलकरंजीची_टीचर

एक गोष्ट कुणी लिहिली नाही म्हणून लिहिते. लघवीला जायची परवानगी.

पाचवीत काही मुलींना पाळी सुरू होते. काहींना चौथीतही. आणि आपल्याकडं 'सर, एकीला जाऊ?' असं सगळ्या वर्गासमोर विचारायचं, सरांनी 'आत्ताच तर सुट्टी झाली' म्हणायचं, वर्गानं हसायचं, हा रोजचा प्रकार. मुली दिवसभर पाणी पीत नाहीत. माझ्या वर्गात दाराजवळ दोन लाकडी पट्ट्या टांगल्यात, एक मुलींची, एक मुलांची. पट्टी घ्यायची, जायचं, परत आणून टांगायची. विचारायचं नाही, कारण सांगायचं नाही. पट्टी नसेल तर कुणीतरी गेलंय, थांबायचं. फारच घाई असेल तर माझ्याकडं बघून मान हलवायची. पहिल्या आठवड्यात सगळ्या वर्गाला पट्टीचं कौतुक असतं, जो तो जाऊन येतो. जाऊ द्यायचं. नंतर नव्याची नवलाई ओसरते. कपाटात पॅड कुठं आहेत ते मुलींना आधीच दाखवून ठेवते, मागावं लागत नाही.

शाहूपुरीची_आई

ताई, तुमचा हा प्रतिसाद प्रिंट काढून शाळेत नेते.

रंकाळ्याकाठची_बाई

मीही उद्याच पट्ट्या करून घेते.

मधली_सुट्टी

आता माझ्या जिव्हाळ्याचा विषय. मॉनिटर आणि 'बोलणाऱ्यांची नावे'.

आमच्या वर्गाचा मॉनिटर (आता चांगल्या हुद्द्यावर आहे, नाव घेत नाही) फळ्यावर नावं लिहायचा आणि पुढं फुल्या. एक फुली पुसायला एक चिंचेची गोळी. दोन फुल्या, पेप्सीकोला. मुलांना भ्रष्टाचार कुठं शिकायला मिळतो असं लोक विचारतात तेव्हा मला तो फळा आठवतो. ही प्रथा अजून आहे का?

रंकाळ्याकाठची_बाई

आहे. जोरात आहे. माझ्याकडं मॉनिटर दर सोमवारी बदलतो आणि त्याचं काम ठरलेलं: खडू-डस्टर, हजेरीपत्रक ऑफिसातून आणणं, नवीन कुणी आलं तर त्याला बाक दाखवणं. नावं लिहायची नाहीत. दुसऱ्याला शिक्षा करायचा अधिकार दहा वर्षांच्या मुलाच्या हातात द्यायचाच नाही. ज्याला तो मिळतो त्याचंही भलं होत नाही.

स्टार_वाल्या_बाई

मी मात्र स्टार देते आणि देत राहणार. वेळेवर आला, स्टार. वही नीट, स्टार. महिन्याला ज्याचे जास्त त्याला पेन. मुलं धावत येतात. एवढं तत्त्वज्ञान कशाला?

बालमन_वाचक

स्टारबद्दल एक प्रसिद्ध प्रयोग आहे, १९७३ चा. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी आवडीनं चित्रं काढणाऱ्या बालवाडीतल्या मुलांपैकी काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. मिळालंही. पण पुढं मोकळ्या वेळेत हीच मुलं चित्रं कमी काढायला लागली. ज्यांना बक्षीस सांगितलंच नव्हतं, त्यांची आवड टिकली. म्हणजे जे मूल आपणहून करतंय त्याला बक्षीस जोडलं की उलटं होऊ शकतं. जे काम मुळातच कंटाळवाणं आहे तिथं मात्र बक्षिसाचा असा तोटा होईलच असं नाही. वाचनाला स्टार देऊ नका. बाक पुसायला दिलात तर माझी हरकत नाही.

स्टार_वाल्या_बाई

वाचनाचे काढून टाकते. बाकीचे राहणार. 😄

उसाच्या_फडातून

कागल भागातल्या शाळेत आहे. तुमचे सगळे करार जूनमध्ये होतात. आमच्याकडं दिवाळीनंतर कारखाने पेटले की मराठवाड्यातून ऊसतोड मजुरांची मुलं येतात. शिक्षण हमी पत्रक (स्थलांतर करणाऱ्या मुलाला नव्या शाळेत दाखवायला मिळणारं कार्ड) असेल तर बरं, नसलं तरी कायद्यानं वयानुरूप वर्गात घ्यायचंच आहे, आणि घेतलं पाहिजे. मुलगा दहा वर्षांचा, पाचवीत बसतो, वाचता येतं दुसरीइतकं. पहाटे आईबरोबर फडात जाऊन आलेला असतो. त्याला तुम्ही 'आपण ठरवलंय' असं सांगता. त्यानं कुठं ठरवलंय?

मी आता असं करतो की ही मुलं आली की सगळ्या वर्गानं कागद परत खाली काढायचा. जुनी वाक्यं वाचायची, आणि नव्या मुलांना विचारायचं, यात काय पाहिजे? एका मुलीनं सांगितलं, 'आमच्या बोलण्याला हसायचं न्हाई.' ते पहिल्या ओळीत गेलं. गृहपाठाची अपेक्षा मी या मुलांपुरती बदलतो. कोपीत, म्हणजे त्यांच्या झोपडीत, दिवा नसतो, धाकटं भावंड अंगावर असतं. त्यांचं काम शाळा सुटायच्या आधी शाळेतच. बाकीच्या मुलांनी एकदा विचारलं, 'त्यांना का नाही?' मी मुलांना कोपीवर नेलं नाही, तमाशा करायचा नव्हता. एवढंच म्हटलं की ज्याला जेवढा वेळ मिळतो तेवढं काम. ऐकलं त्यांनी. या वयात न्यायाची जाणीव फार तिखट असते, पण कारण सांगितलं की सगळ्यांना सारखं नसलं तरी चालतं.

सडेवरचा_मास्तर

सर, हात जोडतो.

पुण्यातला_कोल्हापूरकर

धागा उशिरा सापडला. अपेक्षा फक्त मुलांकडूनच का? शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला होता. दंड मुलाला नव्हता. आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्यांना एकत्र बसवायला लावलं, ती अपेक्षा मास्तरांकडून आणि गावाकडून होती.

अलीकडचं बघायचं तर लीलाताई पाटलांनी १९८५ मध्ये कोल्हापुरातच सृजन आनंद विद्यालय सुरू केलं. शिक्षेशिवाय, मुलांना बोलतं करत शिकवायचं, हे आपल्या गावात चाळीस वर्षांपूर्वीच करून बघितलेलं आहे. त्यासाठी कुठं फिनलंडला जायला नको.

शाहूपुरीची_आई

पालकांचा दंड परत आला तर माझ्या नवऱ्याचा महिन्याचा एक रुपया नक्की. सकाळी गाडी काढायला उशीर त्याचाच.

नवीन_शिक्षिका_२४

मी यंदाच लागले आहे, चौथीचा वर्ग. एक व्यावहारिक प्रश्न. प्रशिक्षण, निवडणुकीचं काम, बीएलओ म्हणून मतदार यादीचं काम, काही ना काही निघतंच. मी नसताना दुसरे कुणीतरी सर येऊन बसतात आणि आल्यावर बघते तर वर्गाची दैना. काय करायचं?

रंकाळ्याकाठची_बाई

शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ शिक्षकांना शिकवण्याबाहेरची कामं द्यायला मनाई करतं, पण जनगणना, आपत्तीतलं मदतकार्य आणि निवडणूक ही कामं त्या मनाईतून वगळलेली आहेत, त्यामुळं ती टळणार नाहीत. म्हणून तयारी आधीच. मुलांकडून एक पान लिहून घ्या: 'आमच्या वर्गात आलेल्या सरांसाठी'. त्यात पोरं लिहितात की मूठ वर केली की आम्ही थांबतो, पट्टी घेऊन बाहेर जातो, अमक्याला चष्म्याशिवाय फळा दिसत नाही, तमकी लाजते पण तिला येतं, तिला विचारा. पान टेबलाच्या ड्रॉवरमध्ये. येणाऱ्या माणसालाही बरं पडतं. आणि परत आल्यावर 'कोण दंगा करत होतं?' हे विचारायचं नाही. 'काय जमलं, काय अडलं?' हे विचारायचं. पहिल्या प्रश्नावर चुगल्या मिळतात.

मोठी सुट्टी झाली की सगळं परत शिकवायचं हेही लक्षात ठेवा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर आमच्याकडची काही मुलं निवारा छावणीतून, नातेवाइकांकडून परत आली, तेव्हा पहिले काही दिवस भागाकार बाजूला ठेवून फक्त या रोजच्या सवयी परत बसवल्या. सकाळी आलं की दप्तर कुठं, छत्री कुठं, कोण कुणाशेजारी. घर विस्कटलेल्या मुलाला शाळेत तरी काल होतं तेच आज असलेलं हवं असतं.

नवीन_शिक्षिका_२४

खूप आभार. शेवटचा प्रश्न, खूप छोटा आहे. वर्ग गोंगाटात असताना लक्ष वेधायला टाळी वाजवता का? कशी?

रंकाळ्याकाठची_बाई

टाळी कशी हे मुलांवर सोडलं होतं. त्यांनी शाहू स्टेडियमवर मॅच चालू असताना वाजते ती टाळी निवडली. शेजारच्या वर्गाचे सर दुसऱ्याच दिवशी दारात. आता मी डस्टर फळ्यावर दोनदा आपटते, मुलं बाकावर दोन बोटांनी एकदा टकटक करतात.

पेठेतला_भावा

बाई, ती टाळी कुठल्या टीमची ते तेवढं सांगा.

रंकाळ्याकाठची_बाई

ते सांगितलं तर धागा बंद करायला लागंल, भावा.